चार बोटांचं पातं

ओत्झीच्या चाकूची एकूण लांबी जेमतेम १३ सेंटिमीटर. पातं चकमकीच्या दगडाचं, मूठ अ‍ॅशच्या लाकडाची, आणि दोन्ही एकमेकांना जनावराच्या स्नायूच्या तंतूंनी घट्ट बांधलेली. १९ सप्टेंबर १९९१ रोजी आल्प्समध्ये इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, ३,२०० मीटरहून जास्त उंचीवर, ओत्झी म्हणून ओळखला जाणारा हा माणूस बर्फातून अर्धवट वर आलेला सापडला. आधी वाटलं, वाट चुकून मेलेला कुणी गिर्यारोहक असेल. निघाला ५,००० वर्षांहून जुना. पुढे त्याच्या तांब्याच्या कुऱ्हाडीचं जगभर कौतुक झालं, त्याच्या अंगावरचं गोंदण मोजलं गेलं, त्याच्या पोटातलं शेवटचं जेवणसुद्धा तपासून झालं. बोल्झानोच्या संग्रहालयात आज त्याच्यासोबत त्याचा हा चाकूही आहे आणि त्याच्या शेजारी त्याहून बघण्याजोगी एक वस्तू आहे: चाकूचं म्यान. लिंडनच्या आतल्या सालीच्या तंतूंचं विणलेलं, त्रिकोणी, कडेला पट्ट्यात ओवायला चामड्याची वादी. चाकूचं टोक मोडलेलं आहे. २०१८ साली त्याच्या हत्यारांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की धार काढून काढून ती सगळी झिजत आली होती. धार काढायचं साधनही त्याच्याजवळ होतं, हरणाच्या शिंगाची खुंटी ठोकलेला लिंडनचा दांडका. म्हणजे रोज अंगावर बाळगायच्या चाकूचा सगळा संसार तेव्हाच पूर्ण झाला होता: छोटं पातं, हातात बसणारी मूठ, धारेची सोय आणि म्यान.

यातलं शेवटचं हल्लीची गिऱ्हाइकं विसरतात. चाकू घ्यायला निघालेला माणूस पात्यापासून सुरुवात करतो. पोलाद कोणतं, लांबी किती, टोक कसं, मूठ लाकडाची की रबराची. हे सगळं ठरलं की म्यान मिळेल ते. मग दोन आठवड्यांत चाकू खणात जाऊन पडतो, आणि पार्सलची सुतळी पुन्हा दातांनी तोडली जाते. चाकू वाईट नसतोच. तो बरगडीत टोचत असतो, गाडीत बसताना पट्ट्यापाशी अडत असतो, किंवा काढायला दोन हात लागत असतात. न मिटणारा छोटा चाकू निवडणं हे अर्ध्याहून जास्त म्यान निवडणं आहे.

घडीच्या चाकूला हा प्रश्न नाही, त्याची मूठच त्याचं म्यान. हिंदी सिनेमातला रामपुरी त्याच जातीचा. त्याची सगळी दहशत पात्यापेक्षा उघडतानाच्या आवाजात. पण घडीला सांधा असतो, सांध्यात आंब्याचा रस शिरतो, वाळू शिरते, आणि जोर लावला की आधी तोच हलतो. न मिटणारा चाकू धुऊन पुसला की झालं. त्याचं मोडण्यासारखं काही नसतं, हरवण्यासारखं मात्र असतं.

म्यानाचा विचार ज्यांनी सगळ्यात खोलवर केला ते फिनलंडचे लोक. त्यांच्या चाकूला पूक्को म्हणतात. जुना ठोकताळा असा की पातं धन्याच्या तळहाताच्या रुंदीएवढं, म्हणजे चार बोटं. व्यवहारात ते ८ ते १० सेंटिमीटरच्या आसपास येतं. पाठ सरळ, धार टोकाकडे वळलेली. मुठीपुढे बोट अडवायला आडवी पट्टी नाही, कारण हे भोसकायचं हत्यार नव्हे. लाकूड तासायचं, मासा साफ करायचा, ब्रेडवर लोणी फासायचं. मूठ भूर्जाच्या कुळातल्या बर्चची. त्यातही ज्याच्या लाकडात नागमोडी रेषा उमटतात तो बर्च मानाचा. दुसरी पद्धत त्याच झाडाच्या सालीच्या चकत्या एकावर एक रचून दाबून मूठ करायची. ही सालीची मूठ थंडीत हाताला गार लागत नाही आणि माशाच्या चिकट हातातून सुटत नाही. पात्याचं मागचं टोक लाकडाच्या आत लपलेलं असतं. उणे ३० अंशांत उघड्या लोखंडाला ओला हात लावणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

आणि म्यान. पूक्कोचं म्यान खोल असतं, निम्मी मूठ आत गिळणारं. त्यामुळे बटण नको, पट्टी नको. चामड्याची मुठीवरची पकडच चाकू धरून ठेवते. आत, पात्याभोवती, लाकडाचा पातळ साचा असतो, म्हणजे घाईत चाकू आत सारताना धार चामडं कापत नाही आणि पडलात तर मांडीतही घुसत नाही. शिवण मागच्या बाजूला. सगळं म्यान पट्ट्याला एका सैल कडीने लटकतं. माणूस बसला की ते मांडीवरून बाजूला सरकतं, उठला की जागेवर येतं. ताठ बसवलेलं म्यान घालून होडीत एकदा बसून पाहावं, मग या सैलपणाची किंमत कळते. उत्तरेकडचे सामी लोक तर दोन चाकू बाळगतात: फांद्या तोडायला, हाडं फोडायला मोठा लेउकू आणि बारीक कामाला छोटा पूक्को. दोन्ही एकाच जोडम्यानात, एकावर एक.

पश्चिम फिनलंडमधलं काउहावा हे या चाकूंचं गाव. ईसाक्की यार्वेनपाने १८७९ साली तिथे कारखाना काढला, आणि मुठीच्या टोकाला पितळी घोड्याचं डोकं असलेला त्याचा पूक्को देशभर गेला. आजही निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला, पन्नाशी गाठलेल्या मित्राला फिनलंडमध्ये पूक्को भेट देतात, आणि तो मान समजला जातो. पण त्याच मुलखाची दुसरी बाजूही आहे. एकोणिसाव्या शतकात काउहावाच्या परिसरातले गावगुंड याच चाकूंनी लग्नसमारंभात दंगे घालत आणि माणसं मारत. हार्मा गावच्या आन्ती इसोतालो आणि आन्ती रान्नानयार्वी या जोडीचा साखळदंडांत जखडलेला फोटो आजही फिनिश पुस्तकांत छापला जातो. त्यांच्यावर लोकगीतं झाली. चाकू तोच, चार बोटांचा, हात बदलले.

म्हणूनच की काय, पूक्कोच्या देशात आज पूक्को कमरेला लावून बाजारात हिंडता येत नाही. तिथल्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक जागी चाकू बाळगायला कामाचं किंवा तसंच सबळ कारण लागतं. सुतार कामावर निघाला असेल, कोळी होडीकडे चालला असेल, तर ठीक. स्वीडनमध्ये १९८८ पासून असाच कायदा आहे. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंतचा, न अडकणारा घडीचा चाकू खिशात चालतो. न मिटणारा मात्र कितीही छोटा असो, सबळ कारणाशिवाय चालत नाही. जर्मनीने न मिटणाऱ्या पात्याला १२ सेंटिमीटरची मर्यादा घातली आहे. भारतात शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्र ठरतो, घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारं सोडून. चार बोटांचं पातं त्या रेषेच्या पुष्कळ अलीकडे राहतं. पण त्यावरून कुणी निर्धास्त होऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली निघणारे मनाई आदेश वर्तमानपत्रांत सारखे छापून येतात, सणाच्या तोंडावर, निवडणुकीच्या तोंडावर. त्यांतल्या यादीत तलवारी, भाले, लाठ्यांसोबत सुरे असतातच, आणि तिथे इंच मोजत बसायला कुणाला वेळ नसतो. मेट्रो, न्यायालय, विमानतळ इथे तर प्रश्नच नाही. तेव्हा रोज बाळगायचा चाकू म्हणजे रोज कुठे, हे आधी स्वतःला विचारावं. आंब्याच्या बागेत, गोठ्यात, वर्कशॉपमध्ये, सह्याद्रीच्या डोंगरवाटांवर तो शोभतो. दादरच्या फलाटावर नाही.

भारतात सर्वाधिक अंगांवर रोज असलेलं न मिटणारं छोटं पातं बहुधा कृपाण असेल. नांदेडला हुजूर साहिबच्या परिसरात ती जागोजागी दिसते. तिची गोष्ट वेगळी, ती अवजार नव्हे, श्रद्धेचं चिन्ह आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच तिचा उल्लेख आहे. तरी एक गोष्ट तिच्याकडून शिकण्यासारखी. ती कमरपट्ट्यावर अवलंबून नसते; खांद्यावरून तिरक्या जाणाऱ्या गातऱ्याला ती लटकते, कपड्यांच्या वर किंवा आत. दिवसभर वजन खांद्यावर राहतं आणि बसता-उठता त्रास होत नाही. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशांना ती नेता येते, त्यालाही मापं ठरवून दिली आहेत: पातं ६ इंचांपर्यंत, एकूण लांबी ९ इंचांपर्यंत.

आणि कोकण? तिथे हा प्रश्न म्यानाशिवायच सोडवला गेला. कुणबी असो की वारली, रानात निघालेल्या माणसाच्या कमरेला मागे लाकडी आकडी बांधलेली असते आणि तिच्यात कोयता अडकवलेला असतो. धार झाकलेली नाही. पात्याच्या वाकाचा आणि मुठीच्या वजनाचा उपयोग करून कोयता जागच्या जागी राहतो. हात मागे गेला की सरळ मूठ हातात येते, न बघता. झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे. पावसात चामडं कुजतं, लाकडाला फारसं काही होत नाही. कोयता छोटा नाही, त्याला चार बोटांच्या पंक्तीला बसवणं बरोबर नाही. पण बाळगण्याची ही रीत कुठल्याही परदेशी कंपनीच्या कल्पक म्यानापुढे उणी पडत नाही. शहरातल्या माणसाने तिची नक्कल मात्र करू नये. आकडीतला उघडा कोयता घेऊन वावरायला त्या चालीची सवय लागते, आणि मागे बसलेल्या माणसाचीही.

आता घ्यायचाच असेल तर नवख्याने स्वीडनच्या ‘मोरा’ चाकूकडे बघावं, असं जाणकार सांगतात ते उगीच नाही. दालार्ना प्रांतात मोरा गावाशेजारी ओस्टनूर नावाची वस्ती आहे. अमेरिकेतून परतलेल्या फ्रॉस्ट-एरिक एर्सनने १८९१ साली तिथे लाकडी घसरगाड्यांचा कारखाना काढला. सोबत चाकू बनू लागले आणि पुढे घसरगाड्या मागे पडल्या. १९१२ साली शेजारीच दुसरा कारखाना आला, आणि २००५ मध्ये दोघे एक झाले. लाल रंगाची लाकडी मूठ हा यांचा जुना चेहरा. त्या जुन्या चाकवांत काही पाती तीन थरांची असत: मधे कडक पोलाद, दोन्ही बाजूंना मऊ. धार टिकावी, पातं मोडू नये. आपल्याकडे कमानपाट्याचं पोलाद तापवून कोयता घडवणारा लोहार फक्त धारेच्याच बाजूला पाणी देतो, त्यामागचा हिशेब वेगळा नाही.

मोऱ्याचं खरं सुख त्याच्या धारेच्या उतारात आहे. स्वयंपाकघरातल्या सुरीला दोन उतार असतात, एक लांबट आणि धारेशी एक बारीक, डोळ्याला पटकन न दिसणारा. धार लावताना तो बारीक कोन हाताने सांभाळावा लागतो, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. मोऱ्याला, पूक्कोला एकच रुंद उतार. तो निसण्यावर सपाट टेकवायचा आणि घासायचा. कोन चाकूच सांभाळतो. दहा वर्षांच्या मुलालाही जमतं. किंबहुना त्याच वयाच्या मुलांना ते जमावं अशी तिकडच्या शाळांची अपेक्षा होती. शिक्षणतज्ज्ञ ऊनो सिग्नेउसच्या आग्रहामुळे फिनलंडच्या लोकशाळांत १८६६ पासून हस्तव्यवसाय सक्तीचा झाला. स्वीडनमध्ये नेस इथे ऑटो सालोमनने शिक्षकांना हेच शिकवायला सुरुवात केली, आणि त्याच्या क्रमिक नमुन्यांत पहिलं हत्यार चाकू होतं. करवत, रंधा नंतर.

एवढ्या चांगल्या चाकवाचं कारखान्यातलं म्यान प्लास्टिकचं असतं. कुणी नाकं मुरडतात. पण चामडं पाणी धरून ठेवतं, आणि आपल्या जून-जुलैत ते म्यान कपाटातसुद्धा बुरशी धरतं. आत राहिलेल्या साध्या पोलादाच्या पात्यावर दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपके दिसतात. प्लास्टिक धुता येतं, खालच्या भोकातून पाणी निघून जातं. म्हणून किनारपट्टीवरच्या माणसाने, कोकमं फोडणाऱ्याने, काजूबोंडं चिरणाऱ्याने गंज न धरणारं पोलाद आणि प्लास्टिकचं म्यान घ्यावं, आणि शोभेचा विचार सोडावा. गंज न धरणाऱ्या पोलादात क्रोमियम १० टक्क्यांच्या वर असतं. मोऱ्याच्या अशा पात्यांत ते साधारण १३ टक्क्यांच्या पुढे जातं. कोरड्या हवेत राहणाऱ्याने साधं पोलाद घ्यायला हरकत नाही. आंबट फळं कापून त्यावर करडी-निळी छटा चढते, ती गंज नव्हे, आणि ती चढली की पातं जरा शांत होतं.

मुठीबद्दल थोडक्यात. चारही बोटं बसली पाहिजेत. पातं छोटं चालेल, मूठ छोटी चालणार नाही. छोट्या मुठीवर हात लवकर दुखतो आणि दुखरा हात घसरतो. गळ्यात अडकवायचे चिमुकले चाकू याच ठिकाणी फसतात, दोन बोटांत धरून दोरा कापण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही. अपवाद आहेत. मोऱ्याचाच एक छोटा चाकू ६ सेंटिमीटरच्या आसपासच्या पात्याला भरपूर जाड, गोल मूठ देतो.

दुसऱ्या टोकाला अमेरिकी पद्धतीचे दांडगे चाकू. मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं जाड पोलाद, ४-५ मिलिमीटरची पाठ, वर करवतीचे दात. जाहिरातीतला माणूस चाकूवर लाकडाचा ठोकळा हाणून ओंडका फोडतो. ओंडका फोडायचा तर कुऱ्हाड आहे. रोजच्या कामाला, पेरू कापायला, दोर तोडायला, खोका उघडायला, २ ते अडीच मिलिमीटर पाठ भरपूर झाली. जाड पात्याने सफरचंद कापलं जात नाही, फुटतं. हौसेने घेतलेले हे भारी चाकू जुन्या सामानाच्या बाजारात जवळजवळ कोरे सापडतात, यातच सगळं आलं.

राहता राहिली अंगावरची जागा. उजव्या कुशीत उभा चाकू ही सिनेमातली सवय आहे. स्कूटर चालवणाऱ्याला, जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्याला ती जागा सोसत नाही. मूठ वर ढकलली जाते आणि पोटात रुतते. अशाने पट्ट्याला आडवं म्यान लावावं, बेंबीच्या डावीकडे, मूठ उजवीकडे. शर्ट बाहेर असला की दिसत नाही, आणि वाकलं तरी टोचत नाही. डोंगरात पाठीवर पिशवी घेणाऱ्याची गोष्ट उलटी. तिचा पट्टा कमरेवर येतो, तेव्हा चाकू पिशवीच्या खांद्याच्या पट्ट्यावरच हवा. माळ्याचा चाकू मागच्या खिशातल्या म्यानात राहिला तरी चालतो, तो दिवसभर बसत नाही. आपण दिवसातला किती वेळ बसलेलो असतो याचा हिशेब केला की निम्मी म्यानं यादीतून आपोआप गळतात. दुकानात हे तपासायला वेळ लागत नाही. म्यान पट्ट्याला लावावं, खुर्चीत बसावं, मग उकिडवं बसावं, आणि चाकू डाव्या हाताने काढून बघावा, कारण उजव्या हातात नेमकी दोरी असते. शेवटी म्यान उलटं करून झटकावं. चाकू पडला तर पैसे देऊ नयेत.

हौशी लोक स्वस्त मोऱ्यासाठी चामड्याचं म्यान हाताने शिवून घेतात, आणि ते चाकवाच्या कितीतरी पट महाग पडतं, तरी शिवतात. पद्धत जुनीच आहे. मेणकापड किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला चाकू भिजवलेल्या जाड चामड्याच्या कप्प्यात दाबायचा, अंगठ्यांनी चामडं मुठीच्या फुगीर भागावर नीट बसवायचं, मग दोन दिवस सावलीत वाळू द्यायचं. वाळलं की त्यावर त्या एकाच चाकवाचा उंचवटा उठतो, आणि दुसरा चाकू त्यात एकतर शिरत नाही नाहीतर खुळखुळतो. फक्त हे काम कोकणात पावसाळ्यात काढू नये. चामडं वाळता वाळत नाही, आणि मधल्या वेळात घरातला कुत्रा ते शोधून काढतो.